फळ्यावर प्रश्न लिहिणारे पाळक

गेल्या महिन्यात दुपारी येडशीहून फोन आला. "बाई, आमचे बाबा गेले," रूथ म्हणाली. रूथ म्हणजे शांतवन पाळकांची मुलगी. पाळक नव्वदीला आले होते, तेव्हा धक्का बसावा असं काही नव्हतं. मी बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले होते. अशा घरातल्या मला एका ख्रिस्ती पाळकाच्या जाण्यानं एवढं पोरकं का वाटावं, याचंच मला नवल वाटतं आहे.

बाहत्तरच्या दुष्काळात मी परंड्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. वडील वारले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पाळक त्याच वर्षी गावात आले. किल्ल्याच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या, तेच त्यांचं चर्च. दाराशी त्यांनी शाळेत असतो तसा काळा फळा टांगला आणि पहिल्याच रविवारी त्यावर खडूनं लिहिलं, 'देव असता तर पाऊस पाडला नसता का? असं वाटणाऱ्यांनी गुरुवारी चार वाजता यावं.' बाजाराचा रस्ता तिथूनच जायचा. माणसं थांबून वाचायची आणि संतापायची. गुरं खाटकाच्या दारात चालली होती, आणि हा परका माणूस असले प्रश्न विचारत होता. काहींनी फळा पुसला, पाळकांनी पुन्हा लिहिला. त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चला येणारी, चार घरंही नाराज झाली. चर्चच्या दारात देवावरच शंका, हे त्यांना सोसवेना.

मी गेले ती भांडायलाच. आत शिंपीकाम करणारे एक गृहस्थ आणि दोन शेतकरी आधीच बसले होते. गुरुवारी प्रार्थना नाही, गाणं नाही, आलेल्यांनी विचारायचं आणि पाळकांनी उत्तर द्यायचं, असा नियम होता. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं की आमच्या घरानं देव सोडलेत ते दुसरा घ्यायला नाही. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "मग काय सोडलं अन् काय धरलं ते नीट सांगा, बाई. मला खरंच ठाऊक न्हाय." भांडणाची तयारी करून गेलेली मी तासभर धम्माबद्दल बोलत राहिले आणि ते मध्ये मध्ये विचारत राहिले. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले... आणि मग जातच राहिले. गावात कुजबुज सुरू झाली, की पाद्री मास्तरणीला बाटवणार.

ती कुजबुज आईच्याही कानावर गेली. एका गुरुवारी ती कामावरून परस्पर तिथं आली, केसांवर दगडाची पांढरी धूळ तशीच. त्या दिवशी पाळकांच्या मंडळीतले दोन वडीलधारेही येऊन बसले होते. आईनं उभ्यानंच विचारलं, "तुमच्यात आल्यावर आमची जात कुणी इचारणार न्हाय, ह्याची हमी देता का?"

असा प्रश्न म्हणजे प्रचारकाला आयती संधी. मंडळीतले दोघं आशेनं पाळकांकडं बघत होते. पाळक मात्र स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय, मावशी. हमी न्हाय देता येत. आमच्यातबी इचारतेत."

ते दोघं उठून निघून गेले. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, की माणूस खोटं बोलत न्हाय.

उन्हाळ्यात मिशनकडून दुधाच्या पावडरीची पोती आली. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्येच वाटप करावं, असं वरिष्ठांनी कळवलं होतं. पाळकांनी पोती बैलगाडीत घालून आमच्या शाळेत आणली आणि फळ्यावर लिहिलं, 'दुधासाठी येशूकडं येऊ नका. दूध शाळेत मिळतं.' गाव आधी हसलं, मग पोरांना दुधाला धाडू लागलं. आम्ही शिक्षक रोज मोठ्या पातेल्यात दूध कालवायचो आणि सगळ्या पोरांना एका रांगेत बसवून पाजायचो. पण तक्रार वरपर्यंत गेली आणि पाऊस पडायच्या आत पाळकांची बदली झाली. कुर्डुवाडीच्या बसमध्ये ते बायको, लहानगी रूथ आणि एक ट्रंक घेऊन चढले, तेव्हा फळा पुसणाऱ्यांतलेही दोघं-तिघं स्टँडवर आले होते.

पुढं पत्रं येत राहिली. निवृत्तीनंतर ते येडशीला स्थायिक झाले आणि वर्षाकाठी एक-दोनदा मी जाऊ लागले. या हिवाळ्यातल्या भेटीत मी अखेर विचारलंच, की तेव्हा तुम्हाला मला ख्रिस्ती करायचं होतं का.

"व्हय," ते म्हणाले. "दर गुरुवारी वाटायचं."

"मग कधी विचारलं का नाहीत?"

"दुष्काळ व्हता, बाई. उपाशी माणसाचं 'व्हय' खरं कसं धरायचं?"

पाऊस तर पुढच्या साली पडला की, मी म्हटलं. ते म्हणाले, "मग भ्या वाटलं. तुमी न्हाय म्हणला असता, अन् पत्रं बंद केली असती."

ती आमची शेवटची भेट.

परवा रूथला भेटायला गेले. पुढच्या खोलीत त्यांची वेताची खुर्ची दाराकडं तोंड करून होती आणि तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, दुसरी. येणाऱ्याला ते तिथंच बसवायचे. रूथनं दोन्ही हलवल्या नव्हत्या. मी नेहमीच्या जागी बसले. चहा ठेवून ती वडिलांच्या खुर्चीत टेकली आणि जरा घुटमळून म्हणाली, "बाई, बाबांनी इचारलं न्हाय ते मी इचारू? तुमाला कधी वाटलं व्हतं का, व्हय म्हणावं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"एकदा," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी माझ्या आईला न्हाय म्हटलं, त्या दिवशी."