सेटरचा हात

सेट या एवढ्याशा इंग्रजी शब्दाला कारखान्याच्या त्या प्रेस शॉपमध्ये दिवसभर उसंत नसे. डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवली की ती सेट. पान्यांचा डबा म्हणजे सेट. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं की तीही सेट, आणि साहेबाला मस्का मारून रजा मिळवली की ती सेटिंग. प्रेस मशीनवर डाय बसवणारा तो सेटर. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. तो भडकला की ओरडायचा, “थांब, तुला सेट करतो!” हा अर्थ मात्र सगळ्यांना चटकन कळायचा, कारण शब्दामागोमाग थप्पड यायची.

थप्पड एकाच गुन्ह्याला होती. मशीनला दोन बटणं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच पत्रा कापणारा पंच वरून खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहणार. अडकलेला तुकडा काढायला चिमटा दिलेला. तरी घाईत कुणी हात आत घातला, की सेटर शॉपच्या दुसऱ्या टोकाहून धावत यायचा आणि कान लाल करून परत जायचा. बाई, बुवा, म्हातारा, कुणाची गय नाही. घरीही त्याचा हात सैलच होता, बायको आणि मुलगी दोघींनी त्याचा मार खाल्ला होता. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. पण बावीस वर्षांत त्याच्या मशीनवर कुणाचं नखही गेलं नव्हतं. शेजारच्या शॉपमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली की आवाज अर्धाच यायचा.

मग त्याचा जावई त्याच शॉपमध्ये सुपरवायझर होऊन आला. सासऱ्यानेच शब्द टाकला होता. मुलीचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. “आता कुठे सेट झालीय पोर,” असं तो भेटेल त्याला सांगायचा. जावयासमोर तो आवाजही खाली आणायचा.

त्या सकाळी त्याने तीन नंबरच्या मशीनवर डाय बसवली, दोन्ही बटणं तपासली आणि मशीनच्या तपासणी कार्डावर सही केली. तासाभराने परतला तर डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. म्हणजे ते बटण कायमचं दाबलेलं, आणि एका हाताने मशीन चालणार. मशीनवर पत्र्यातून वॉशर काढणारी बाई होती. अकरा वर्षं तेच काम करत होती, म्हणून सगळे तिला वॉशरबाई म्हणत. तिचा मोकळा झालेला डावा हात पत्रा सरकवता सरकवता डायपर्यंत जात होता.

“जावईबापू, ही पाचर कुणी मारली?”

“मी मारली, मामा. माल दीडपट निघतोय. तुम्ही सेटिंगचं बघा, बाकीचं माझ्यावर सोडा.”

वॉशरबाईचा हात पुन्हा आत गेला. सेटरने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्याची मूठ वळली, दात करकरले. पण शेजारी जावई उभा होता. इथे हात उचलला तर थप्पड बाईला बसणार, पण अपमान जावयाचा होणार आणि भोगणार मुलगी. तो मूग गिळून दुसऱ्या मशीनकडे गेला.

जेवणाच्या सुट्टीआधी किंकाळी आली.

पंच खालीच अडकला होता आणि बाईचा हात त्याखाली. सेटरने मेन स्विच पाडला, फ्लायव्हीलचं जड चाक हातांनी उलटं फिरवलं, पंच वर घेतला. हात निघाला, तीन बोटं डायमध्येच राहिली. रक्त मशीनवरून टपटपत वॉशरच्या पेटीत पडत होतं. त्याने स्वतःचा शर्ट फाडून हात आवळून बांधला, बाईला गाडीत घातलं. मग तो वळला.

जावयाची कॉलर धरून त्याने त्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा. तोंडावर ठोसे मारले. दात पडले तरी थांबला नाही. शेवटी मोठा पाना उचलला तेव्हा चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं. “सोडा मला! आज सेटच करतो याला!” तो ओरडत होता आणि रडत होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर जबाब घ्यायला बसला. जावई जबड्याला पट्टी बांधून बाकावर होता. मुलीने बापाला बाजूला घेतलं.

“बाबा, कार्डावर सही तुमची आहे. पाचर तुम्हीच मारली म्हणा ना. तुम्ही आता रिटायर व्हाल. हे आत गेले तर मी कुठे जाऊ?”

तो आधी वॉर्डात गेला. वॉशरबाई जागी होती, हाताचा पांढरा गोळा उशीवर ठेवून.

“सेटर, काल सकाळी तुम्ही माझा हात आत जाताना पाहिलात. आपली नजरानजर झाली होती.”

“हो.”

“मला वाटलं, आता पडणार थप्पड. तुम्ही तसेच निघून गेलात, म्हणून मला वाटलं चालतं. का नाही मारलंत?”

तिच्या पायांशी डोकं टेकून तो बाहेर आला आणि इन्स्पेक्टरसमोर बसला.

“लिहा. पाचर जावयाने मारली. बाईचा हात आत जाताना मी पाहिला आणि मुलीचा संसार सांभाळायला गप्प बसलो. दोघांची नावं घाला.”

मुलगी उठून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. लहानपणापासून ज्या हाताचा मार तिने खाल्ला होता, तो आता टेबलावर उघडा पडला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा बापावर हात उचलला आणि सणसणीत मारला. त्याने मान हलवली नाही. सही कुठे करायची, एवढंच त्याने इन्स्पेक्टरला विचारलं.