मारबतीला दिलेली फळी

"दादा, जरा पाना द्या ना, पाच मिनिटांत आणून देतो." हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पाच मिनिटांत परत आलेला पाना मी अजून पाहिलेला नाही. आलाच तर चार महिन्यांनी येतो, तोंड झिजवून, आणि वरून "दादा, तुमचा पाना बेकार आहे" हेही ऐकावं लागतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझ्या वर्कशॉपात कोणी आलेलं मला चालत नाही. शेजारी नाही, पाहुणा नाही, आणि घरचे तर बिलकुल नाही.

वर्कशॉप हे नाव माझं. बायको त्याला कबाडखाना म्हणते आणि धाकटा भाऊ गॅरेज म्हणतो. गोंदियाजवळ मुर्रीला आमचं घर आहे, खालचा मजला माझा, वरचा भावाचा, आणि समोरची लोखंडी शटरची खोली दोघांत मिळून. ती गाडीसाठी बांधली होती, पण घर झालं तेव्हा गाडी कोणाकडेच नव्हती. मी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर होतो. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथे टेबल टाकलं, टेबलाला वाइस बसवला आणि शटर आतून ओढून घेतलं.

आता त्या खोलीचं कौतुक ऐकायचं असेल तर आधी शिव्या ऐका. मे महिन्यात शटर असं तापतं की त्यावर भाकर भाजून निघेल. पावसाळ्यात एका रात्रीतून कानशींवर गंज चढतो. तेल लावा, कागदात गुंडाळा, काही फायदा नाही. धानाला पाणी द्यायची वेळ आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि माझा ग्राइंडर नुसता कण्हत बसतो. दिवाळीनंतर धान निघालं की भाऊ न विचारता पोती आणून टाकतो. "खरेदी केंद्र सुरू झालं की उचलतो दादा." केंद्र सुरू व्हायला महिना, बारदाना यायला महिना, तोपर्यंत पोत्यांमागे उंदरांचा संसार. एका वर्षी त्यांनी माझ्या ड्रिल मशीनची वायर खाल्ली. भावाला नेऊन दाखवली तर म्हणे, "उंदरानं खाल्ली, मी थोडीच खाल्ली?"

तरी त्या खोलीत माझा जीव आहे. भिंतीवर मी प्लायवूड ठोकलंय आणि त्याच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या पेंटनं काढलाय. हातोडीच्या जागी हातोडी, पटाशीच्या जागी पटाशी. एखादं हत्यार गायब झालं की रिकामा आकार दिसतो आणि कोण घेऊन गेलं असेल ते मला तिथेच कळतं. सागवानावर रंधा फिरवताना जो वास येतो त्यापुढे मला अत्तरही नको. आणि शटर बंद असलं की कोणी विचारत नाही, काय करून राहिले, कायले करून राहिले, किती वेळ लागेल. नोकरीत जन्मभर मी लोकांना समजावूनच सांगत आलो होतो. आता मला कोणाला काही सांगायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बायकोला लकवा मारला. पाय सुधारला. जीभ तर दुसऱ्याच आठवड्यात पहिल्यासारखी तिखट झाली. डावा हात मात्र गेला. हलतो, पण बोटांत पकड नाही. आणि ही बाई अशी की लग्न होऊन आली तेव्हापासून घरातली भाजी तिनं दुसऱ्या कोणाला चिरू दिली नाही. पावशी, म्हणजे आमच्याकडची विळी, तिच्यावर बसली की दोडक्याच्या सगळ्या फोडी एका मापाच्या. पण पावशीला दोन हात लागतात. आता वरून भावाची बायको येते, भाजी चिरून देते आणि जाते. तिच्यासमोर माझी बायको काही बोलत नाही. ती गेली की फोड उचलून मला दाखवते, "हे पहा, जनावराले टाकतात अशी चिरली." आणि मग धड जेवत नाही.

एकदा मी तिला ओट्यापाशी एकटीच पाहिलं. डाव्या कोपरानं वांगं छातीशी दाबून धरलं होतं आणि उजव्या हातानं सुरी चालवत होती. मी दिसताच ओरडली, "काय पाहून राहिले? तमाशा आहे का?"

मी खोलीत गेलो. शटर ओढलं आणि कामाला लागलो.

सागवानाची फळी घेतली, दीड हात लांब. सरकू नये म्हणून खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे मारले. वर बोटभर उंचीचे सहा खिळे, टोकं वर, भाजी त्यांच्यावर रोवायची. बाजूला अडकित्त्यासारखं पातं, त्याच हातानं उचलायचं आणि त्याच हातानं दाबायचं. सांगायला एवढंच, करायला मला चार महिने लागले. पहिल्या फळीवर टमाटर फुटून माझ्या तोंडावर उडालं. दुसरीचं पातं फणसाला चाललं असतं, भेंडीला नाही. तिसरी जमत आली होती. बायकोला यातलं अक्षर माहीत नव्हतं. काऊन नाही सांगितलं? सांगितलं असतं तर रोज विचारलं असतं, झालं का, झालं का. आणि फसलं असतं तर? तिनं पुन्हा वांगं छातीशी धरलं असतं आणि मला ते पाहावं लागलं असतं. त्यापेक्षा शटर बंद बरं.

तेवढ्यात भावानं कार घेतली. त्याचं गोंदियाच्या बाजारात दुकान आहे. दिवसभर हिंदी बोलतो आणि घरी राग आला तरी तोंडातून हिंदीच निघते. "दादा, नई गाडी धूप में सड रही है और आप अंदर बैठके कील ठोक रहे हो!"

मी म्हटलं, "सडू दे नाही तर उडू दे. खोली रिकामी होणार नाही."

"अर्धी खोली माझी आहे."

"मग अर्धी गाडी आण."

आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. समोरासमोर आलो की तो मोबाइल काढायचा आणि मी आभाळाकडे पाहायचो. शेवटी तो माझ्या बायकोकडे गेला. तिचा शब्द तो खाली पडू देत नाही, एवढं मला मान्य करावं लागेल. आमची आई लवकर गेली, त्याला शाळेचा डबा हिनंच करून दिलाय. म्हणाला, "वयनी, तू सांग. तू म्हटलं तर गाडी जन्मभर बाहेर उभी करीन, तोंडातून शब्द नाही काढणार."

मी दारातच उभा होतो. वाटलं, बायको माझी आहे, माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "पोळा झाला की गाडी आत लाव बाबू."

"अन् माझं काम?" मी म्हटलं.

"कोणतं काम? सकाळ झाली की शटर ओढून बसता. मी इकडे एका हातानं मरून राहिली, तुमाले पत्ता तरी आहे का?"

सगळं तोंडाशी आलं होतं. पण भाऊ समोर उभा होता आणि त्याच्यासमोर मला ते सांगायचं नव्हतं. मी जाऊन शटर इतक्या जोरानं ओढलं की वरची पाल खाली पडली.

पोळ्याच्या दिवशी मी दुपारपर्यंत राबलो. पातं काढून त्याला शेवटची धार लावली, तेल लावून भिंतीवर टांगलं. नुसती फळी आधीच्या दोन फसलेल्या फळ्यांसोबत टेबलाखाली सरकवली. सकाळी पातं बसवायचं आणि तिच्यासमोर नेऊन आदळायचं, की घे, हे होतं माझं काम. मग खोली कशी मागतात ते पाहतो, असं मनात ठरवलं होतं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरची इडापिडा घेऊन मारबत जाते. दारात ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या, झिजलेले झाडू, फाटकी सुपं, घरातलं जे काही मोडकं, रोगट, नकोसं असेल ते उचलायचं आणि ओरडत गावाच्या शिवेवर टाकून यायचं. "खासी-खोकला, माशा-मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" मागे वळून पाहायचं नाही. आणि एकदा मारबतीला दिलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही. आणली तर रोगराई तिच्यासोबत परत येते.

त्या सकाळी मी दूध आणायला चौकात गेलो. परत आलो तर शटर सताड उघडं आणि टेबलाखालची जागा झाडून साफ. भाऊ शिवेकडून हात झटकत येत होता.

"काय नेलं रे?"

"कचरा नेला. वयनीनं दाखवला तोच."

बायको दारात खुर्चीवर बसली होती. "त्या खिळ्याच्या फळ्या नेल्या," ती म्हणाली. "परवा तुम्ही नव्हते तेव्हा झाडायले गेली तर माझी साडी फाटली त्याच्यात. सगळ्यात आधी त्याच उचल म्हटलं मी."

डोकंच फिरलं माझं. दूध तिथेच आपटलं आणि भावाला नको नको ते बोललो. तो काय ऐकून घेणारा आहे? रस्त्यावर चार लोक जमले. "कचरे के लिए इतना तमाशा!" तो म्हणाला. "कचरा तुझ्या डोक्यात आहे!" मी म्हटलं आणि शिवेकडे निघालो. माझ्या वयाला धावणं शोभत नाही, पण जवळपास धावतच गेलो.

नाल्याच्या काठी ढीग पडला होता. झाडू, सुपं, एक फाटकी गादी, सगळ्यांवर पळसाचा पाला. एक म्हातारी लांबून ओरडली, "मास्तर, हात नका लावू जी! मारबतीची वस्तू होय ते!" मी तिला म्हटलं, "माझी वस्तू होय, मारबतीनं कधी रंधा मारला?" पाल्यात हात घातला तर खिळा सरळ तळहातात घुसला. तिसरीच फळी होती. ट्यूबचा एक तुकडा निघाला होता, बाकी शाबूत.

परत आलो तर बायको फाटकाची कडी धरून उभी. "ते आत नाही येणार."

"तुझीच आहे."

"माझी कशी? एक लकवा कमी पडला का, दुसरा घेऊन येऊन राहिले?"

मग मात्र मी सांगितलं. रस्त्यावर, जमलेल्या चार लोकांसमोर, भावासमोर, वर गॅलरीत उभ्या असलेल्या त्याच्या बायकोसमोर. ज्यांना ज्यांना सांगायचं नव्हतं त्या सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. "भाजी चिरायची आहे ती! एका हातानं! तुझ्यासाठी! चार महिने झाले मरमर मरून राहिलो!"

तिनं फाटकाची कडी सोडली आणि वाकून फळीचे खिळे पाहिले. मग म्हणाली, "सांगितलं काऊन नाही?"

"फसलं असतं तर?"

"फसलं असतं तर फसलं असतं. मले वाटलं, माझा हात पाहायचा नाही म्हणून तुम्ही आत बसता."

ते पूर्ण खोटंही नव्हतं.

तरी फळी काही तिनं आत येऊ दिली नाही. मला पातं आणायला पाठवलं, जावेला दोडका आणायला लावला. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली आणि फळी समोरच्या स्टुलावर ठेवायला सांगितली. पातं बसवताना माझ्या हाताचं रक्त फळीला लागलं तर त्यावरूनही मला झापलं. मग उजव्या हातानं दोडका खिळ्यांवर दाबला आणि तोच हात पात्यावर नेला. पहिली फोड जाड पडली. दुसरी तिरपी. पाचवी-सहावी तिनं उचलून डोळ्यांजवळ धरली आणि खाली ठेवली. मग पुढची चिरली.

भावानं किल्ली काढली. "वयनी, जरा सरक ना. गाडी आत घेतो."

"गाडी बाहेरच राहू दे बाबू," ती मान वर न करता म्हणाली. "हे घरात येत नाही ना. यांले आता दुसरं बनवावं लागते." मग माझ्याकडे वळली, "अन् शटर उघडं ठेवून बनवायचं."

भाऊ शब्दाला जागला. गाडी बाहेर आहे, त्यावर ताडपत्री आहे, आणि माझ्याशी तो अजून हिंदीतच बोलतो. मी चौथी फळी करून राहिलो. शटर उघडं असल्यानं येणारा-जाणारा वाकून पाहतो, पाना मागतो, अक्कल शिकवतो, आणि मला ते बिलकुल आवडत नाही. शटरच्या तोंडाशी खुर्ची टाकून बायको बसते. आधी कोणी आलं की डावा हात पदराखाली घ्यायची. आता तो मांडीवर उघडाच असतो. दर पाच मिनिटांनी विचारते, "झालं का?"

"नाही झालं!" मी ओरडतो. आणि ओरडताना तिच्या हाताकडे पाहतो.