खेळण्यातला बशा बैल

धसईच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. माप द्यायला हात वर करून उभा राहिला की माणूस आपोआप बोलायला लागतो, त्यामुळे गावातल्या बऱ्याच घरांची उसवण माझ्या कानावर येते. सुयोगची गोष्ट मात्र मी ऐकलेली नाही, डोळ्यांनी बघितलेली आहे.

सुयोग म्हणजे रघूदादाचा एकुलता एक मुलगा. आधी रघूदादाबद्दल सांगायला हवं, कारण पोराला जे लागलं ते बापामुळे लागलं. रघूदादा बैलांचा माणूस. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला कोणीही शहाणा माणूस पहिल्यांदा रघूदादाला शोधायचा. दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, थोडं चालवून बघायचं आणि काय ते एका वाक्यात सांगायचं. त्यानं सांगितलं की घेणारा आणि देणारा, दोघंही गप्प बसायचे. ही पत त्यानं फुकट मिळवली नव्हती. त्याच्या घराचा एक रिवाज होता. बैलाची किंमत सगळ्यांसारखीच रुमालाखाली बोटं दाबून ठरवायची, पण खोड मात्र चारचौघांत मोठ्यानं सांगायची. मारका असेल तर मारका म्हणायचं, लाथ झाडत असेल तर तेही सांगायचं. "किंमत झाकायची, खोड नाय झाकायची," असं तो म्हणायचा. ह्या रिवाजापायी कितीतरी सौदे मोडले असतील. कमळवहिनी त्यावरून जन्मभर कुरकुरली, पण लोकांपुढं नवऱ्याचा हा गुण सांगताना तिचाच आवाज चढायचा.

अशा बापाच्या पोटी हा सुयोग. बैलाजवळ गेला की शिंका द्यायचा. आयटीआय करून मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. मी सांगतोय ती दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. चिखलणीला पॉवर टिलर आला, रघूदादानं शेवटची जोडी विकली आणि त्या रिकाम्या गोठ्यात सुयोगची रिमोटची गाडी येऊन बसली.

तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे. मी मुद्दाम म्हणायचो. लग्नाच्या वयाचा घोडा रविवारी सकाळी गाडी काखोटीला मारून मुरबाडची एसटी धरतो, हे बघून कोणाची जीभ गप्प बसेल? मुरबाडला कारखान्यांच्या मागं एक मोकळा प्लॉट होता. कल्याणकडची, शहापूरकडची त्याच्यासारखीच हौशी मंडळी तिथं जमायची. फक्कीच्या रेषा मारून, जुने टायर मांडून शर्यती लावायची. एकदा मीही गेलो होतो बघायला. खोटं कशाला बोला, दुपारचं जेवण विसरलो.

त्या गाडीत बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी असते. तिला म्हणतात स्पीड कंट्रोलर. हातातल्या रिमोटचा चाप जितका दाबाल तितकाच करंट ती मोटरीला सोडते. वेग तिच्यामुळे, ब्रेक तिच्यामुळे, मागं येणंही तिच्यामुळेच. म्हणजे म्हणायला गाडी, पण तिचा कासरा ह्या डबीच्या हातात.

सुयोगनं जोरकस मोटर आधीच घेऊन ठेवली होती आणि कंट्रोलरला हात आखडला. माझ्या दुकानात बसून त्यानं मला सगळं समजावलं.

"टेलरकाका, नाववाल्या कंपनीचा घ्यायचा तर आपल्याला झेपत नाय. दुसरा हाय तो रिमोटच्या विमानाचा. स्वस्त हाय, पण त्याला ब्रेक नाय नि रिव्हर्स नाय."

"मग विमानच घे. वळणावर उडून जाशील."

"मस्करी नका करू हो. तिसरा चायनाचा हाय, बिननावाचा. ब्रेक हाय, रिव्हर्स हाय. नि अँपिअर बगा, नाववाल्यापेक्षा जास्त लिवलेत."

मी म्हटलं, "कापडाच्या पाकिटावर तर 'रंग जाणार नाही' असंही लिहिलेलं असतं रे."

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. मोटरीत तारेचे वेढे जितके कमी, तितकी ती जोरात पळते आणि तितका जास्त करंट ओढते. स्वस्तातल्या कंट्रोलरला अशी मोटर झेपत नाही, साधी जोडली तर तो बिचारा वर्षानुवर्षं चालतो. हे त्यानंच मला सांगितलेलं. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यानं तो बिननावाचा आणला आणि त्याच जोरकस मोटरीला जोडला.

लवकर येणाऱ्या भाताची मळणी होऊन खळं मोकळं झालं होतं. सारवलेल्या खळ्यावर त्यानं गाडी सोडली तेव्हा मी आणि रघूदादा ओटीवर बसलो होतो. गाडी सुसाट निघाली. थोडे फेरे मारले आणि मध्येच थांबली. चाप दाबला तरी हलेना. सुयोगनं डबीला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. जरा वेळानं डबी थंड झाली, गाडी पुन्हा पळाली आणि पुन्हा बसली. नंतर त्यानं साधी मोटर जोडून बघितली, पण डबी आतून दुखावली होती. आता ती साध्या मोटरीलाही तापून बसायला लागली.

रघूदादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे, हा तर बशा हाय! नांगराला जुपला की चार तासं चांगला चालतो नि मधीच बसतो."

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो.

दिवाळीच्या बोनसवर सुयोगनं नाववाला कंट्रोलर आणला. जुना विकून टाकला. सापगावचा प्रशांत म्हणून एक मुलगा होता, आसनगावहून कल्याणला नोकरीला जायचा. शर्यतीत नवाच आलेला. सुयोगला दादा म्हणायचा, त्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायचा. सुयोगनं प्लॉटवर त्याला गाडी चालवून दाखवली. थोडेच फेरे. डबी तापायच्या आत त्यानं गाडी उचलून घेतली.

घरी आल्यावर रघूदादानं जेवताना सहज विचारलं, "खोड सांगितलीस ना त्याला?"

"सांगितली," सुयोग म्हणाला आणि कालवणात मीठ कमी आहे म्हणून आईवर खेकसला. खाई त्याला खवखवे. कमळवहिनीनं हे मला नंतर सांगितलं. मीठ बरोबर होतं म्हणाली.

काही आठवड्यांनी एका रविवारी दुपारी प्रशांत धसईला आला. मी रघूदादाच्या सदऱ्याचं माप घ्यायला तिथं गेलो होतो. पोरगा ओटीच्या कडेवर अंग चोरून बसला. पिशवीतून कंट्रोलर काढून त्यानं समोर ठेवला. मला वाटलं, आता भांडण होणार.

"दादा, रागावू नका," तो म्हणाला. "तुमचा चांगला चालणारा कंट्रोलर माझ्या हातून खराब झाला. दर शर्यतीत मधीच बंद पडतो. सगळे हसतात. माझं काय चुकतं, जरा सांगाल काय?"

टेप हातात धरून मी तसाच उभा राहिलो. रघूदादानं प्रशांतकडे बघितलं, मग सुयोगकडे. सुयोगला एक वाक्य बोलायचं होतं. चूक केली असेल, पण ती पुसायला ह्याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही.

सुयोगनं डबी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "तू ब्रेक जास्त दाबत असशील. नव्या माणसाचं होतं तसं. वळणावर हात हलका ठेव."

प्रशांतनं मान डोलवली. "हां, तसंच असंल."

मला तेव्हा सुयोगच्या एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली. अजून वाटते. फसवणं एक वेळ समजू शकतो, पण फसलेल्यालाच वर शिकवायचं?

रघूदादा उठला. माप अर्धवटच राहिलं. प्रशांतपुढं जाऊन त्यानं हात जोडले. "पोरा, तुझ्या हाताचा दोष नाय. खोड आदीपासनं हाय. मी बगितलेली. तुला सांगायची ऱ्हायली, ती माझी चूक."

प्रशांत गडबडून उभाच राहिला. "काका, हात कसले जोडता? तुमी मोठी माणसं. असू दे, असू दे." चहा न घेताच तो निघाला. सुयोगनं नाववाला कंट्रोलर काढून त्याच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला, पण त्यानं घेतला नाही. सुयोग गोठ्यात जाऊन बसला आणि कमळवहिनीनं हाक मारली तरी बाहेर आला नाही. रघूदादा त्याला एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर पोरगा सुटला असता.

पौषात म्हशाची जत्रा भरली. रघूदादाबरोबर मी दरवर्षी जातो, त्या वर्षी सुयोगही मुकाट्यानं मागं आला. शहापूरकडचा देवजी नावाचा शेतकरी बैलाची जोडी ठरवत होता. रघूदादाला बघून त्याचा चेहरा खुलला. "बरा आलास रे बाबा! जरा बग ही जोडी. तू हो म्हण, मी रुमाल टाकतो."

रघूदादा जागचा हलला नाही. "नाय देवजी. दुसऱ्या कोणाला इचार. आमच्या घरातनं खोड लपवून माल गेलाय. मी आता कोणाची ग्वाही देऊ नये."

देवजीला वाटलं थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघून तो चपापला. आजूबाजूची माणसं वळली. कुठला बैल, कोणाला विकला, कधी, असे प्रश्न सुरू झाले. रघूदादा पायाच्या बोटानं धूळ उकरत उभा होता. इतक्या वर्षांत त्या बाजारात त्याची मान मी खाली गेलेली बघितली नव्हती.

सुयोग पुढं आला. "बाबांनी नाय लपवली. मी लपवली. माझ्या रिमोटच्या गाडीचा कंट्रोलर होता. तापला की बंद पडायचा. मी न सांगता विकला नि सांगितलं म्हणून बाबांशी खोटं बोललो."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कळलं आणि सगळे खो खो हसत सुटले. "च्यायला, खेळण्याची गाडी! आमाला वाटलं बैल!" देवजीनं तर रघूदादाच्या पाठीवर थाप मारली. सुयोगचे कान लाल झाले होते. त्याला वाटलं असणार, झालं, फिटलं, एवढी लाज काढून घेतली ती पुरे.

रघूदादा हसला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोराच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "हितं सांगून काय उपेग? ज्याला इकली त्याला सांगितलीस काय?"

थोड्या वेळानं सुयोग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "टेलरकाका, सापगावला येताव काय माझ्यासंगं?" एकट्यानं जायची छाती नव्हती. जत्रा टाकून मी निघालो. मुरबाडला शहापूरची एसटी पकडली. वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मध्ये मध्ये ओठ हलवत होता, तोंडपाठ करत असावा.

दारात प्रशांतची आई रत्नप्रभाबाई भेटल्या. सुयोगनं नाव सांगताच आनंदल्या. पाणी दिलं, खुर्च्या पुसल्या. "तुमचेच बाबा ना ते? लई मोठ्या मनाचे. माझ्या पोराची चूक त्यांनी सोताच्या अंगावर घेतली," त्या म्हणाल्या. सुयोगनं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

प्रशांत बाहेर आला. गाडी कुठाय, असं सुयोगनं विचारलं.

"देऊन टाकली, दादा. माझ्या हाताला ते जमत नाय. काहींचा हातच नसतो तसा." हे तो हसून बोलला, कोणाचीही तक्रार न करता.

आता मात्र सुयोग बोलला. पाठ केलेलं सगळं विसरला, अडखळत बोलला, पण काही ठेवलं नाही. खळ्यावर डबी तापली ते, मुद्दाम थोडे फेरे मारून दाखवले ते, आणि त्या रविवारी ओटीवर बसून ब्रेकचं खोटं सांगितलं तेही. रत्नप्रभाबाईंचा हात पदराशी थांबला. मी जमिनीकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

प्रशांत रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. तो बोटांवर एकेक शर्यत मोजायला लागला. मग त्यानं विचारलं,

"म्हणजे दादा, मी नीट चालवत होतो?"