काशम्मा आणि बाराशे किलो सूत

भवानी पेठेतल्या आमच्या शेजारणीने, काशम्माने, नवरा ईरप्पाच्या बरोबरीने पस्तीस वर्षे टॉवेल विणले. ईरप्पाने हयातीतच घर आणि त्यातले दोन माग ट्रस्टमध्ये घातले होते. त्याच्यामागे सारे काशम्माचे, पण जिवंत असेपर्यंत ट्रस्ट मोडायचा हक्क त्याच्याकडे. फेब्रुवारीत तो गेला. जूनमध्ये सुताचे व्यापारी मल्लिकार्जुनशेठ यांची नोटीस आली: ईरप्पाने बाराशे किलो सूत उधार नेले, तीन लाख साठ हजार द्या.

नोटीस इंग्रजीत, म्हणून ती मी वाचून दाखवली. सोमवारी, ७ जुलैला, वकील उत्कर्षाकडेही मीच सोबत गेले. बोलणीसाठी तिने बोलावलेले शेठ आधीच येऊन बसले होते.

उत्कर्षाने आडपडदा ठेवला नाही. "मावशी, ट्रस्ट मोडायचा हक्क ईरप्पाकाकांकडे होता, म्हणून घर त्यांचंच धरलं जाऊ शकतं. देणं खरं ठरलं तर घर विकून फेडावं लागेल."

"मेलेला माणूस आता काय मोडतोय?" काशम्मा म्हणाली. कुणी हसले नाही.

शेठनी सूत दिल्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स पुढे केली. काशम्माला अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. तिने कागदावरून बोट फिरवले.

"शेठ, इकलेल्या सुताला भाव असतो. मजुरीवर विणाया दिलेल्या सुताला नुसतं वजन. हितं भाव कुटं हाय?"

"तोंडी ठरला होता."

"तोंडी! कपभर चाची उधारी बी लिवून ठेवता की तुमी!" मग उत्कर्षाकडे वळून, "पोरी, खरी चिठ्ठी माग. विणून दिलेला माल शेठलोक मागच्या अंगाला लिवत्यात."

शेठना पिशवीत चिठ्ठी सापडायला बराच वेळ लागला. मागे त्यांच्याच दिवाणजीचे अक्षर: टॉवेल जमा अकराशे बहात्तर किलो, विणताना घट अठ्ठावीस. सूत पुरे फिटलेले. मजुरीपुढची जागा कोरी, म्हणजे ती दिलेलीच नाही.

"दिवाणजी नवा आहे," शेठ पुटपुटले.

"मी जुनी हाय की. मजुरी किलोला पस्तीस. एकेचाळीस हजार वीस काढा."

उत्कर्षाने कॅल्क्युलेटरवर पाहिले आणि मान डोलावली. शेठनी दावा मागे घेतल्याचे तिथेच लिहून दिले, मजुरीचा चेकही फाडून दिला. जाताना दारात थबकून त्यांनी विचारले, "पुढचं सूत पाठवू ना?"

"पाटवा. पर आता किलोला अडतीस."

शेठ "बरं" म्हणाले.