अँडोऱ्यात राहिलेली स्वयंपाकीण

नोकरीत इतकी प्रकरणं हाताखालून गेली, की आता त्यातली बरीचशी एकमेकांत मिसळून जातात. हे एक मात्र वेगळं राहिलं आहे. आठवलं की आधी डोळ्यांसमोर येतो तो ठाण्याच्या बाकावर बसलेला एक उंच, वाळका माणूस. चप्पल दाराबाहेर काढून तो आत आला होता. पोलीस ठाण्यात चप्पल काढून येणारी माणसं हल्ली फारशी दिसत नाहीत.

मी तेव्हा सांगलीत एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि गुडघे दुखत होते. सकाळी हजेरी, मग बंदोबस्ताचं वाटप, मग कोर्टाची समन्सं, मग वरून येणारे फोन. हा माणूस दोनदा येऊन परत गेल्याचं ठाणे अंमलदाराने सांगितलं, म्हणून त्याला आत बोलावलं.

तो म्हसवडकडच्या एका गावातला होता. पूर्वी त्याच्या घरची मेंढरं गावोगाव फिरायची. आता थोडी मेंढरं आणि डाळिंबाची चार झाडं, असं चाललं होतं. त्याची बायको लग्नकार्यात स्वयंपाकाला जायची. तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीला सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यांतूनही बोलावणं असायचं.

"साहेब, माझी बायकू परदेशात पळून गेली म्हणून तुमच्याकडं कागूद आलाय म्हनं," तो म्हणाला.

कागद आला होता हे खरं. सहली नेणाऱ्या एका एजंटाने आठवड्यापूर्वीच अर्ज दिला होता. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना तो सपत्नीक स्पेनची सहल घडवून आणत होता. वयस्कर मंडळींना तिकडचं जेवण चालणार नाही, म्हणून स्वयंपाकीण बरोबर नेली. परतीच्या आदल्या दिवशी ती मुक्कामाच्या जागेवरून कुणाला न सांगता निघून गेली, तिकडेच कामधंदा करायचा तिचा आधीपासून बेत असावा, असं त्याने लिहिलं होतं. खाली प्रवाशांच्या सह्या होत्या. असे अर्ज एजंट देतात. सहलीतलं माणूस तिकडे राहिलं तर पुढच्या वेळी त्याच्या गिऱ्हाइकांना व्हिसा मिळणं अवघड होतं, म्हणून आपण वेळेत कळवलं याची नोंद त्यांना हवी असते.

सहलीच्या नावाखाली माणसं परदेशात सोडायच्या धंद्याला पोलिसांच्या भाषेत कबुतरबाजी म्हणतात. मी तशी काही प्रकरणं पाहिली होती. त्यामुळे अर्ज वाचून मला नवल वाटलं नव्हतं.

"तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"ती पळून जायाची न्हाई साहेब."

"कशावरून म्हणता?"

तो म्हणाला, "पोरीचं लगीन ठरवून गेलीय. हळदीचं सामान काय काय आणायचं ते मला तोंडपाठ करून घेतलंय. पळून जानारी बाई हे कशाला करंल?"

"फोन आला का तिचा?"

"न्हाई. आनि आता सोयऱ्यांचा निरोप आलाय. आई पळाली म्हनं, पोरगी बी तशीच निघायची."

एवढं बोलून तो उठला. रडला नाही, हात जोडले नाहीत. मी त्याचा जबाब नोंदवून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. खरं सांगायचं तर माझं मत तेव्हा कुठल्याच बाजूला झुकलं नव्हतं. बायको जाणार नाही असं सांगणारे नवरे मी खूप पाहिले होते. त्यातले निम्मे बरोबर निघतात.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगायला तयार नव्हती. हवालदार बाईंनी फोन घेतला होता. "ती सैपाकाची बाई पळाली न्हाई. आमी तिला सोडून आलो," एवढं बोलून फोन ठेवला गेला. बाईंनी नंबर लिहून घेतला होता. माणसांना नाव लपवायचं असतं, पण फोन मात्र घरातूनच करतात.

नंबर तासगावजवळच्या एका बागायतदाराचा निघाला. मी साध्या वेशात गेलो, बरोबर हवालदार बाई. बेदाण्याचं शेड, त्याच्यापुढे ट्रॅक्टर, मागे मोठं घर. बागायतदार सत्तरीचा होता आणि गावात त्याला मान होता. चहा आला. स्वयंपाकिणीचा विषय काढताच म्हणाला, "साहेब, आम्ही सही केलीय की. आता त्यात आणखी काय सांगायचं?"

आतून त्याची बायको बाहेर आली. पदर नीट केला आणि उभ्यानेच म्हणाली, "फोन मीच केलावता."

"तू आत जा," नवरा म्हणाला.

"न्हाई जात. लय दिवस झालं, मला घास ग्वाड लागंना."

मग तिने सांगितलं. बार्सिलोनात मुक्काम होता. शेवटच्या दोन दिवसांत एजंटाने डोंगरातल्या अँडोरा नावाच्या छोट्या देशाची सहल ठेवली. तिथे अत्तरं, घड्याळं स्वस्त मिळतात म्हणून सगळे खूश होते. रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बस परत निघाली. स्पेनच्या हद्दीवर बस थांबवून पासपोर्ट तपासले. सगळ्यांचे परत मिळाले, स्वयंपाकिणीचा मिळाला नाही. शिपायाने तिला खाली उतरवलं. एजंट खाली गेला, हातवारे करून बोलला, आणि परत येऊन म्हणाला की हिच्या कागदात गडबड आहे, हिला आज जाता येणार नाही, तुमचं उद्याचं विमान चुकवू नका, मी हिची कालच्याच लॉजवर सोय करतो.

"तिनं काय केलं?" मी विचारलं.

"बशीत आमच्या रातच्या जेवणाचा डबा व्हता. तिनंच केल्याला. ती खालनं म्हणाली, काकू, डबा मधल्या सीटखाली हाय, जेवून घ्या तुमी." बाईने नवऱ्याकडे पाहिलं. "आनि आमी जेवलो, साहेब. सगळीच जेवलो. काय करायचं ते कुनालाच कळंना म्हणून बसून ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर एजंटाने सांगितलं की बाई रात्रीतून त्या लॉजवरून पळाली. आता सगळ्यांनी एकच सांगायचं, नाहीतर तुमच्या पोराबाळांचे व्हिसे कायमचे बंद होतील. कुणाचा मुलगा जर्मनीत होता, कुणाची सून जायची होती. सगळ्यांनी मान डोलावली. सांगलीला आल्यावर सह्या केल्या.

बागायतदार खाली बघत होता. म्हणाला, "साहेब, तो रोजचा त्यातला माणूस. तो म्हणाला पळाली, आम्ही मानलं."

"मानलं न्हाई," बायको शांतपणे म्हणाली. "म्हटलं फकस्त."

मी तिचा जबाब तिथेच घेतला.

दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या कामातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारलं. त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. अँडोरा स्वतः आपल्या लोकांकडे थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा मागत नाही. पण तिथे विमानतळ नाही, रेल्वे नाही. जायचं तर स्पेनमधून नाहीतर फ्रान्समधून, रस्त्याने. त्या दोन्ही देशांना युरोपचा तो सामायिक शेंगेन व्हिसा लागतो, आणि अँडोरा त्या व्यवस्थेत नाही. म्हणजे अँडोऱ्यात पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत यायचं तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा पाहिजे. एकदाच प्रवेशाचा असेल तर तो संपला.

"व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेश किती वेळा ते छापलेलं असतं," ते म्हणाले. "या धंद्यातल्या माणसाला न दिसण्यासारखं नाही."

मी बागायतदारांचे पासपोर्ट मागवले. सगळ्यांचे व्हिसे अनेक प्रवेशांचे होते. स्वयंपाकिणीच्या व्हिसाची प्रत तिच्या नवऱ्याकडे घरी होती. तिला सहलीत घ्यायचं अगदी शेवटी ठरलं, तिचा अर्ज मागाहून वेगळा गेला, आणि तिचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आला. मग मी एजंटाला बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं, हातात दोन फोन. त्याला मी खुर्ची दिली. आवाज चढवायची मला कधी सवय नव्हती, आणि त्या वयात ताकदही नव्हती. मी त्याच्याकडून पुन्हा सगळी हकिकत ऐकली. तो न अडखळता बोलला. खोटं सांगणारा माणूस सहसा अडखळत नाही, त्याने आधी पाठ केलेलं असतं.

"बार्सिलोनात किती दिवस होता?" मी विचारलं.

"आठवडाभर, सर."

"तिथे ती मोकळी फिरायची?"

"हो. भाजी आणायला एकटी जायची."

"तिथून रेल्वेने कुठेही जाता येतं?"

"युरोपात कुठेही, सर."

"मग आठवडाभर बार्सिलोनात न पळता, जिथून तिला तिच्या व्हिसावर बाहेरच पडता येत नाही अशा डोंगरात जाऊन ती का पळाली?"

मी तिच्या व्हिसाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. "हे तुम्ही वाचलं होतं ना?"

"सर, तिकडे बस कधी तपासत नाहीत. दरवेळी अशीच जाते."

"म्हणजे वाचलं होतं."

त्याने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "तिला एकटीला बार्सिलोनात ठेवलं असतं तर जेवणाचं काय केलं असतं? लोक बोंबलले असते."

एका बाईचं आयुष्य पणाला लावायला एवढंच कारण होतं. मी काही बोललो नाही. अशा वेळी गप्प बसलं की पुढचं आपोआप येतं. ते आलं. ती अजून त्याच लॉजमध्ये होती. तिथल्या मालकिणीने तिला ठेवून घेतलं होतं, ती भांडी आणि स्वयंपाक बघत होती. तिने एजंटाला अनेकदा फोन केला होता. दरवेळी त्याने सांगितलं होतं, थांबा, सोय करतोय, आणि घरी फोन करू नका.

"का करू नका?"

"तसं आपलं सांगितलं."

म्हसवडहून तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा दुपार होती. माझ्या खोलीतून त्या लॉजला फोन लावला. मालकिणीची भाषा आम्हाला कळेना. मग तिनेच हाक मारून बाईला बोलावलं. फोन मी नवऱ्याच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

"कुठनं?"

"सांगलीच्या पोलीस ठाण्यातनं."

ती म्हणाली, "धरलं व्हय तुमाला? मी तर फोन बी केला न्हाई कुनाला."

तेव्हा कळलं. एजंटाने तिला सांगितलं होतं की तू घरी फोन केलास की पोलीस तुझ्या नवऱ्याला उचलतील. नवऱ्याला वाचवायचं म्हणून ती गप्प बसली होती, आणि ती गप्प बसली म्हणून गाव तिला पळालेली म्हणत होतं.

"मला कुनी धरलं न्हाई," तो म्हणाला. "चा दिलाय साहेबांनी. तू जेवतीस का न्हाई?"

मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढचं काम कागदांचं होतं. वरिष्ठांमार्फत पत्रं गेली, स्पेनमधल्या आपल्या वकिलातीने तिकडच्या सरकारकडून तिला विमानतळापर्यंत जायची खास परवानगी मिळवली, आणि ती घरी आली. एजंटावर फसवणूक आणि पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल झाला. दोषारोपपत्र मी निवृत्तीआधी पाठवलं. बागायतदारांतले बहुतेक जण साक्षीच्या वेळी म्हणाले, नीट आठवत नाही. मला त्याचा रागही आला नाही. इतक्या वर्षांत त्या वाक्याचा राग यायचा थांबला होता. सोयऱ्यांनी लग्नाला परत होकार कळवला. मुलीनेच नको म्हणून सांगितलं.

त्या बाईचा जबाब मी स्वतः घेतला. ती बुटकी, शांत बाई होती. विचारलं तेवढंच सांगायची. जबाब वाचून दाखवला आणि शिरस्त्याप्रमाणे विचारलं, आणखी काही लिहायचं आहे का?

ती म्हणाली, "त्या तासगावच्या काकूंचं लिवा. त्या बशीतनं खाली उतरल्या व्हत्या. माझा हात धरून म्हणाल्या, मी ऱ्हाते हिच्याबरुबर. त्यांच्या मालकांनी दंडाला धरून वर वढून नेलं त्यास्नी."

मी लिहिणं थांबवलं. त्या काकूंनी आपल्या जबाबात हे सांगितलंच नव्हतं. आमी सोडून आलो, आमी जेवलो, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकीच्यांइतकाच दोष त्यांनी स्वतःच्या माथी घेतला होता.

पस्तीस वर्षांत गुन्हेगारांबद्दल मी पुष्कळ शिकलो, त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. या प्रकरणाने एक शिकवलं. झाल्या गोष्टीचा दोष सर्वात जास्त कोण मनाला लावून घेतं, यावरून दोषी कोण ते कधीच ठरवू नये. त्या बसमधल्या इतर सगळ्यांना घरी आल्यावर चांगली झोप लागली असेल. घास गोड लागेनासा झाला तो जी एकटी आपणहून खाली उतरली होती तिला.

काकूंबद्दलचं ते वाक्य मी जबाबात घातलं. खटल्याला त्याचा काही उपयोग नव्हता.