शुद्ध शाकाहारी, मी सांगितलं म्हणून

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. शेळगावला आईला नाही, आणि कॉलेजात ज्याच्याबरोबर रोज डबा खातो त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. तुम्ही माझ्या आत्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट छोटी आहे — निदान मी स्वतःला तसंच सांगत आलोय. एका जेवणाची गोष्ट. पण छोटी असती, तर समोरून शेजारच्या सोजरकाकी येताना दिसल्या की मी मोबाईल कानाला का लावला असता?

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. बारामतीला प्रवेश मिळाला, आणि मी कन्हेरीला कमलआत्याकडं राहायला आलो. आत्याला वाचता येत नाही. पण माझं पुस्तक खाली पडलेलं दिसलं की ती ते उचलून कपाळाला लावते आणि मग कपाटावर ठेवते. मी पुस्तकातलं काहीही सांगितलं तरी तिला ते खरं वाटतं. हे लक्षात ठेवा — म्हणजे मी काय केलं ते कळेल.

आत्या माळकरी आहे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आजारातून उठून दवाखान्यातून स्वतःच्या पायानं घरी आले, तर गळ्यात तुळशीची माळ घालीन, असा तिनं शब्द दिला होता. मामा चालत आले. माळ घातली त्या दिवसापासून मटण, मासे, अंडी सगळं बंद. अंड्याचं तर ती नावसुद्धा घेत नाही. ‘तसलं’ म्हणते.

दुसऱ्या वर्षाला माझा वर्गात पहिला नंबर आला. आत्या म्हणाली, “हाटेलात जेवाय घालती तुला. तू म्हणशील तितं.”

मी साधी थाळी मागायला हवी होती. पण कॉलेजच्या मागच्या रस्त्याला नवीन इटालियन हॉटेल निघालं होतं. वर्गातली मुलं तिथं जायची, दुसऱ्या दिवशी तिथल्या गप्पा मारायची, आणि मी नुसता हसायचो. मी त्याच हॉटेलचं नाव घेतलं.

“तितं आपल्याला चालंल असं मिळतंय का?” आत्यानं विचारलं.

“शाकाहारी वेगळं असतं, आत्या.” हे खोटं नव्हतं. एवढं तरी नव्हतं.

आत्या लग्नाकार्याची साडी नेसून आली. आम्ही बसलो आणि मला शेजारचं टेबल दिसलं. माझ्या वर्गातली तीन मुलं. शहरातली, इंग्रजी शाळेतून आलेली. त्यांनी हात केला, मीही केला. मग वेटर आला. मी शाकाहारी पानावरचा एक पास्ता बोट ठेवून मागितला — इंग्रजीत, थोडं मोठ्यानं. त्यानं मला उलट काहीतरी विचारलं. भराभर, इंग्रजीतच. मला कळलं नाही. शेजारची मुलं बघत होती. मी म्हणालो, “येस, येस. नो प्रॉब्लेम.”

तिथवर तो अजाणपणा होता, असं म्हणता येईल का? मी कितीदा तरी म्हणून पाहिलंय. पण पुढचं ऐका.

पास्ता यायला वेळ लागला. मेन्यू माझ्या हातातच होता. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती — आमचा ताजा पास्ता अंड्यात मळलेला असतो, बिनअंड्याचा हवा असल्यास सांगावे. मी ती दोनदा वाचली. वेटरनं काय विचारलं होतं ते तेव्हा कळलं. हॉटेलनं लिहिलं होतं, वेटरनं विचारलं होतं. मीच ‘नो प्रॉब्लेम’ म्हणालो होतो.

वेळ होता, हो. ताटल्या अजून आल्या नव्हत्या. मग आल्या, तरीही वेळ होता. आत्यानं माळेला हात लावला, डोळे मिटून पुटपुटली. मग चमचा उचलला आणि थांबली.

“सुदाम, ह्यात तसलं काय न्हाय न्हवं रं?”

वेटरला परत बोलवायचं, म्हणजे मघाशी मला इंग्रजी कळलं नव्हतं हे त्या तिघांसमोर कबूल करायचं. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही, मी पुष्कळ शोधलं.

“नाही आत्या. निव्वळ मैदा.”

आत्यानं सगळं संपवलं. ताटली पुसून खाल्ली. “शेवयाच की रं ह्या, जरा जाडसर,” म्हणून हसली. मी तिच्या प्रत्येक घासाबरोबर पाणी पीत होतो.

माळेचा नेम मोडला तर महाराजांच्या हातून ती पुन्हा घालून घेता येते. म्हणजे घरी जाऊन सांगितलं असतं तरी आत्याला वाट होती. मी सांगितलं नाही.

आत्यानं मात्र गल्लीभर सांगितलं. इटलीचं जेवण, शुद्ध शाकाहारी, सुदामनं इंग्रजीत विचारून घेतलं. ते ऐकून शेजारच्या सोजरकाकी नातीच्या वाढदिवसाला तिथं गेल्या. त्याही माळकरी. दर गुरुवारी आत्याकडं भजनाला बसायच्या, आत्याच्या शेजारी. पण काकींनी वेटरला विचारलंच नाही. त्या उठल्या आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. पीठ मळणारी बाई आपल्याच भागातली, कऱ्हाटी गावची निघाली.

“म्या म्हणलं, बया, ह्या पिठात काय घालतीस? तर म्हणली, अंडं, मावशी.” दुसऱ्या दिवशी सकाळीच काकी आमच्या ओट्यावर येऊन सांगत होत्या. “म्या तशीच उठले. कमलाक्का, तुला सांगाय आले. तू खाल्लं आसशील तर म्हाराजाकडं जाऊ. म्या येते संगं.”

मी आत होतो. सगळं ऐकू येत होतं.

“माझा सुदाम खोटं बोलायचा न्हाय,” आत्या म्हणाली. “सुदाम, भाईर ये. सांग रं हिला.”

मी बाहेर आलो. दोघी माझ्याकडं बघत होत्या. तेव्हा तरी खरं कबूल करता आलं असतं — आता असं वाटतं. पण तेव्हा मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

“काकी, तिथं दोन-तीन प्रकार असतात. आम्ही घेतला तो बिनअंड्याचा. तुम्हाला नीट समजलं नसेल.”

काकींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, मला खात्री आहे. कारण त्यांनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही.

“व्हय का, बाबा,” एवढंच म्हणाल्या. “आमी काय शिकलेलो न्हाय.”

चप्पल घालून गेल्या. तेव्हापासून काकी गुरुवारच्या भजनाला येत नाहीत. आत्यानंही बोलावलं नाही. भाच्यावर आळ घेतला म्हणून ती अजून रागात आहे. मध्ये भजनात एकीनं काकींचा विषय काढला, तेव्हा आत्या म्हणाली, “जाऊंद्या. अडाणी हाय ती.”

स्वतःला अक्षर येत नसलेली माझी आत्या दुसऱ्या बाईला अडाणी म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडी आधी कधी ऐकला नव्हता. तो मी त्या घरात आणला. तेव्हा मी तिथंच बसलो होतो, भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक घेऊन, आणि मी पान उलटलं.