सीटच्या फोममध्ये मुरलेला गुलाल

ती केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही. नोकरीचं ते माझं शेवटचं वर्ष होतं. गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्याने डोळे मिटून सह्या कराव्यात आणि नारळ घेऊन घरी जावं, अशी वरच्यांची अपेक्षा असते. मला ते जमण्यातलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीची दुपार होती. सगळा बंदोबस्त मिरवणुकांच्या रस्त्यांवर. डिलाईल रोडच्या एका गल्लीत पांढऱ्या गाडीने वेण्या विकणाऱ्या एका बाईला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. बाई वाचली, पण कंबरेचं हाड मोडलं. चालवणारा माणूस तिने पाहिला नव्हता. गाडीचा नंबर कोणालाच धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, आमच्या बिल्डिंगखाली पांढरी गाडी धुतायत. पुढची लाइट फुटलीय."

"मग धुऊ दे की," हवालदार म्हणाले.

"आतून धुतायत ओ. सीटवर डायरेक्ट पाइप सोडलाय."

हवालदारांनी हे सांगताच मी उठलो. माझ्या जुन्या गाडीला कापडी सीट आहेत आणि त्या मी स्वतः साफ करतो. यावरून ठाण्यात माझी टिंगल व्हायची, होऊ दे. कापडी सीटवर पाणी ओतायचं नसतं. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची, मग साबणाचा नुसता फेस घेऊन हलक्या हाताने चोळायचं, पिळलेल्या फडक्याने टिपायचं आणि दारं सताड उघडून वाळवायचं. पाणी ओतलं की आतला फोम ते पितो आणि गाडीला कुबट वास धरतो. सीटवर पाइप सोडणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर भयंकर घाईत. हा अडाणी नव्हता.

गाडीचा मालक त्या भागातला बांधकामवाला. कपडे पांढरेशुभ्र, पण नखं आणि कानांच्या पाळ्या अजून गुलालाने गुलाबी होत्या. मी काही विचारायच्या आत त्याने आपल्या ड्रायव्हरला पुढे केलं. ड्रायव्हर चाळिशीचा, दाढी वाढलेला. खाली बघत पाठ केल्यासारखं म्हणाला, "मीच चालवत होतो, साहेब. शेठ मागे बसले होते."

वड्याचं तेल वांग्यावर काढणारे मी नोकरीत खूप पाहिले होते. मी गाडी जप्त केली आणि दोन पंचांसमोर पंचनामा सुरू केला. मागची सीट कोरडी होती, न धुतलेली, गुलालाचा कण नाही. ड्रायव्हरची सीट मात्र ओलीचिंब. वरून कापड स्वच्छ दिसत होतं. मी पांढरा रुमाल घेतला आणि पाठीच्या जागी तळव्याने जोर देऊन दाबला. रुमाल गुलाबी झाला.

आमच्या चाळीत आई सांगायची, गुलालाला पाणी दाखवू नका, आधी झटका. या गृहस्थाने कोरडा गुलाल झटकला असता तर मला फारसं काही सापडलं नसतं. पाण्याने रंग विरघळला आणि खाली फोममध्ये मुरला. अख्खी सीट काढून सीलबंद केली आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवली.

संध्याकाळच्या आत वरून फोन आला. "कबुली आहे ना? मग कशाला ताणता?"

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, सर. तपास थांबवायचा असेल तर लेखी कळवा."

लेखी काही आलं नाही. असं लेखी कधीच येत नाही.

ड्रायव्हरला मी समोर बसवलं, चहा दिला. मारझोडीने बोलतं करणं मला कधी मान्य नव्हतं, आणि हा तर आधीच घाबरलेला होता. "तू चालवत होतास, तर सीटला गुलाल कुठून आला?"

"मिरवणुकीत नाचलो होतो."

त्याच्या कानामागे, नखांत कुठेही रंग नव्हता. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. दारातूनच तिने नवऱ्याचं बोलणं ऐकलं होतं.

"खोटा बोलतत हे, सायबानू," ती म्हणाली. "आमका सुतक हा. ह्यांचे चुलते गेले गावाक. तेवापासून हे देवाच्या पाया पण पडूक नायत. मिरवणुकीत खंयचे नाचतले?"

दाढी का वाढली होती, ते मला तेव्हा कळलं. मग तो खरं बोलला. त्यांची चाळ पाडून नवी इमारत हाच मालक बांधणार होता. गुन्हा अंगावर घेतला नाहीस तर नव्या इमारतीत खोली विसर, असा दम त्याने भरला होता.

"खोली गेली तर कुठे जाणार आम्ही, साहेब?"

उत्तर मी द्यायच्या आधी तिने दिलं. "जाऊंदे खोली. चोरासारखा तोंड लपवून त्या खोलीत माका ऱ्हवाचा नाय. ती बाई थय हाडा मोडून पडली हा. खरा काय ता सांगा."

डबा माझ्या टेबलावर ठेवून ती बाहेरच्या बाकावर बसली. त्याने जबाब दिला, पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरही तोच कायम ठेवला. मिरवणुकीतून आलेल्या मालकाने चावी स्वतः घेतली होती आणि ड्रायव्हरला मागे बसवलं होतं. मालकाला मी अटक केली. माझी बदली होणार असं ठाण्यात सगळे बोलत होते. निवृत्तीला आलेल्या माणसाला कुठे पाठवणार, असं मी त्यांना विचारलं.

मालकाने नव्या खोल्यांच्या यादीतून ड्रायव्हरचं नाव वगळून दम खरा करायचा प्रयत्न केलाच. पण संमतीच्या सह्या घ्यायला त्याची माणसं चाळीत गेली, तेव्हा घरोघरी एकच उत्तर मिळालं, "त्याचं नाव नाही तर आमची सही नाही." झक मारत त्यांनी नाव घातलं. कोर्टात मालकाच्या वकिलाने मला उपहासाने विचारलं, "तुम्ही सीट धुण्यातले तज्ज्ञ आहात का?" मी म्हणालो, "हो. माझ्या मी धुतो." त्याच्या अशिलाला शिक्षा झाली.

घाबरलेल्या माणसाची कबुली ऐकून घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. तो काय बोलतो यापेक्षा कोणाला घाबरतो हे शोधावं. या केसने मला एवढं पक्कं शिकवलं.

पुढच्या वर्षी त्या दोघांनी मला त्यांच्या गणपतीच्या विसर्जनाला बोलावलं. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी माझ्या केसांना, मानेला गुलाल लावला. मी तो झटकला नाही, तसाच माझ्या गाडीत बसलो आणि डोकं मागे टेकवलं. तो डाग अजून तिथे आहे. कसा काढायचा ते मला नीट माहीत आहे. मी काढणार नाही.